पहिल्या बाकावरचा तिसरा

मिस केव्हनींनी लॉर्कनला सोमवारीच समोर बसवून झाडाझडती घेतली होती.

"नाटकात तू स्टेजवरून खाली पडलास. नावेत बसायच्या आधीच नाव उलटवलीस. मधमाश्यांचा तर विषयच नको, त्या माळीकाकांचा डोळा अजून उघडत नाहीये. आता एकच राहिलंय. शुक्रवारी किलदूनला मार्टी गिल्डेचा अंत्यविधी आहे. तिथल्या चहाला टॅन्सीबाईंच्या हाताखाली राबायचं. बाई 'बरा पोरगा आहे' म्हणाल्या, तर बेटावरच्या सहलीला चल. नाही म्हणाल्या, तर सगळे सहलीला जातील आणि तू इथे खुर्च्या पुसशील."

आयर्लंडच्या त्या कोपऱ्यात शाळेचं हे मधलं वर्ष असंच असतं. परीक्षा नाही. पोरांनी नवनवं करून बघायचं, गावाची सेवा करायची आणि त्यातून काय शिकलो ते वर्गापुढे उभं राहून सांगायचं. मास्तरांना विसावा मिळतो, गावाला फुकटचे हात मिळतात, आणि पोरं शिकतात असं म्हणायची पद्धत आहे.

लॉर्कन तीन गावं पलीकडून शाळेच्या बसने येई, त्यामुळे किलदूनमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हतं. टॅन्सीबाईंनीही त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याचं काम सोपं होतं. चर्चच्या सेवकाकडून सभागृहाची किल्ली घ्यायची, मागच्या वाटेने जाऊन दार उघडायचं आणि बाई येतील तोवर पाणी उकळत ठेवायचं. दफन आटोपून गाव परतलं की चहा तयार हवा. किलदूनमध्ये प्रवचन फसलं तर लोक फादरना माफ करतात, पण चहा गार निघाला तर नातवंडांना सांगतात.

अंत्यविधी म्हणून आईने त्याला थोरल्या भावाचा काळा सूट चढवला होता. घोटाळ्याचं मूळ तो सूट.

सेवकाने चर्चच्या आतल्या खोलीत त्याच्या हातावर वीतभर लांबीची लोखंडी किल्ली ठेवली. लॉर्कनने ती खिशात टाकली आणि बाहेर पडला. त्या खोलीचं दार उघडतं ते थेट पहिल्या बाकाशेजारी, घरच्यांच्या बाकाशेजारी. तिथे दोनच माणसं होती. मार्टीची बहीण डिम्फ्ना, आणि ठार बहिरा चुलतभाऊ पॅकी. आणि समोरून अख्खं गाव हात मिळवायला रांगेने येत होतं.

डिम्फ्नाचा हात सोडून, पॅकीचा हात सोडून एक जाडजूड गृहस्थ पुढे सरकले. पुढे लॉर्कन होता, काळ्या सुटात. त्यांनी त्याचा पंजा दोन्ही हातांत घेतला.

"वाईट झालं रे बाबा."

"हो," लॉर्कन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या एका 'हो'वर तो रांगेत जमा झाला. मागे दुसरा हात तयार होता, त्याच्यामागे तिसरा.

"तू बोस्टनचा पुतण्या ना? ब्रेंट?"

"नाही हो, मी..."

"तेच मार्टीचं नाक! अगं, बघ गं, तेच नाक!"

"नाक कसलं, कान बघ कान," मागची बाई म्हणाली आणि तिने त्याला मिठीत घेतलं.

लॉर्कनला घाम फुटला. तिकडे सभागृहाला कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि टॅन्सीबाई दारात उभ्या असणार. त्याने एक युक्ती केली. पुढच्या माणसाचा हात हातात येताच त्याने किल्ली हळूच त्या तळव्यात सरकवली आणि कुजबुजला, "काका, एवढी टॅन्सीबाईंना पोचवाल?"

काकांना ऐकू आलं नाही. हातात काहीतरी ठेवलं जातंय एवढंच त्यांना कळलं, आणि ते शहारले.

"छे छे! काही घ्यायला आलो का आम्ही? ठेव ते!"

"घ्या हो, काका!"

"नाही म्हणजे नाही!" किल्ली परत खिशात आली, वर काकांनी तो खिसा थोपटला. पुढच्या माणसाच्या कानात ते म्हणाले, "पोरगा मार्टीसारखाच दिलदार आहे. अशा वेळीसुद्धा देत होता."

रांग संपली आणि लॉर्कन सटकणार, तोच अंत्यविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर लोफ्टस खांदेकऱ्यांची उंची नजरेने मोजत आले. "पाच झाले. सहावा उंच हवा. बोस्टन, तू ये मागे उजवीकडे."

"मला चहाचं..."

"चहा नंतर, बाळा. आधी काका."

तेव्हा लॉर्कनने जन्मात न पाहिलेल्या मार्टी गिल्डेला खांदा दिला. पावलागणिक किल्ली मांडीला टोचत होती. गंमत म्हणजे तो पडला नाही, त्याने काही उलटवलंही नाही. वर्षभरात पहिल्यांदाच. पण त्याचं लक्ष त्यात नव्हतं. कबरीशी सगळे माना खाली घालून उभे होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खुर्च्यांची रांग आणि ओलं फडकं होतं. डोळ्यांत पाणी आलं. ते बघून दोघी जणी आणखी रडल्या.

गाव सभागृहाकडे वळलं. लॉर्कन सगळ्यांच्या मागे, पाय ओढत.

सभागृहाचं दार सताड उघडं होतं. आतून वाफ येत होती. टेबलांवर अंड्याच्या आणि हॅमच्या सँडविचचे त्रिकोण रचलेले, आणि मधोमध टॅन्सीबाई एका एकोणीस-वीस वर्षांच्या घामाघूम पोराच्या पाठीवर थाप मारत उभ्या. पोराच्या अंगावर फुलाफुलांचा एप्रन होता.

"अहो मंडळी, बघून घ्या! शाळेने पाठवलेला हा पहिला कामाचा पोरगा. किल्ली हरवून आला, पण खिडकीतून शिरून दार उघडलंन! पावाच्या कडेपर्यंत लोणी लावतो हो!"

त्या पोराने लॉर्कनकडे बघितलं. लॉर्कनने त्याच्याकडे. मग दोघेही चहाच्या पिंपामागे गेले.

"ब्रेंट?" लॉर्कनने विचारलं.

"विमानाला उशीर झाला," ब्रेंट रडवेला होऊन म्हणाला. "टॅक्सीने इथेच उतरवलं. मी बाईंना म्हटलं, मी मार्टीसाठी आलोय. त्या म्हणाल्या, आम्ही सगळे मार्टीसाठीच आलोय, किल्ली कुठाय? मग मला खिडकीत ढकललं. काकांचा अंत्यविधी कसा झाला?"

"चांगला झाला. तू खूप रडलास."

एवढ्यात डिम्फ्ना तिथे आली. तिने ब्रेंटच्या गालाचा मुका घेतला. "फोटोपेक्षा वाळलायस रे." मग लॉर्कनकडे वळली. "आणि तू कोण म्हणायचा?"

लॉर्कनने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. "माफ करा, बाई. मला सुटताच येईना. पण तुम्हाला माहीत होतं, मी तो नाही?"

"पहिल्या हातालाच."

"मग बोलला का नाहीत?"

डिम्फ्नाने चहाचा घोट घेतला आणि हॉलभर नजर टाकली. "टॅन्सीचा नवरा गेला, तेव्हा पहिल्या बाकावर सात माणसं होती. माझ्या मार्टीच्या बाकावर दोन, त्यातला एक बहिरा. गावाने मोजलं असतं, बाळा. आयुष्यभर ऐकवलं असतं. तू येऊन उभा राहिलास आणि तीन झाले. तुला घालवून देऊ मी?" तिने कप खाली ठेवला. "आणि खांदा नीट दिलास. मार्टी जड होता." मग दोघांचे दंड धरून ती म्हणाली, "आता टॅन्सीला यातलं अक्षर कळता कामा नये. घरच्या माणसाला पावाला लोणी लावायला बसवलं हे कळलं, तर बाई तोंड लपवेल."

कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. ब्रेंट दुसऱ्या दिवशी बोस्टनला गेला. किलदूनच्या हिशेबी मार्टीच्या बाकावर तीन माणसं जमा झाली ती झालीच.

सोमवारी मिस केव्हनींचा चेहरा फुलला होता. "लॉर्कन! टॅन्सीबाईंचा फोन आला होता. एवढं कौतुक त्यांनी सख्ख्या मुलाचं केलं नाही. फक्त तुझं बोलणं थोडं परकं वाटतं म्हणाल्या. सहलीला चल! आता वर्गाला सांग बरं, काय शिकलास?"

लॉर्कन उभा राहिला, थंडीमुळे आजही भावाचा तो काळा कोट घालून. म्हणाला, "कधी कधी नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ होतं."

मिस केव्हनींनी चष्मा काढून पुसला. "सुंदर. आणि हो, या गुरुवारी दुसरा अंत्यविधी आहे, बाईंनी तुलाच मागितलंय. सभागृहाची किल्ली कुठे गेली ते कुणालाच कळत नाहीये. शुक्रवारपासून दर वेळी समितीतलं कुणीतरी खिडकीतून शिरून आतून दार उघडतंय. बाई म्हणाल्या, त्या पोरालाच पाठवा, तो छान शिरतो."

लॉर्कनचा हात सावकाश भावाच्या कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.