झोंबत नसल्याचा दाखला

सान मेलितोन नगरपालिकेच्या हद्दीत एका परदेशी पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आले. पाहुण्याने बाजारात ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची चटणी, खाण्यापूर्वी रीतसर विचारले होते, "झोंबतं का?" आणि या प्रश्नाला मेक्सिकोभर जे एकच उत्तर आहे तेच त्याला मिळाले होते, "छे, अजिबात नाही." थोड्या वेळाने तो चौकातल्या कारंज्यात तोंड बुडवून बसलेला सापडला. त्याने लेखी तक्रार केली.

तक्रारीतून तिखटपणा निश्चिती कक्ष जन्माला आला. फर्मान निघाले की पाटीवर असेल तेच जिभेला कळले पाहिजे; तफावत आढळल्यास परवाना रद्द. पाहुण्याला ज्याने फसवले त्याच्या गाड्यावर पाटीच नव्हती. त्यामुळे तफावतही नव्हती. तो सुटला.

बाजारातली जुनी ग्वाकामोलेवाली एउलालिया त्झिन्त्सुन मात्र फर्मान वाचून खूश झाली, आणि तिथेच चुकली. एकतीस वर्षे तिच्या पाटीवर 'तिखट ग्वाकामोले' असेच लिहिलेले होते. परवान्यावरही तेच. डोंगरातला चांगला अ‍ॅव्होकॅडो सरहद्दीपलीकडे जाई, गावाला डागाळलेला उरे. त्या डागाळलेल्याला ती दगडी खलात मिरची, मीठ, कोथिंबीर आणि लिंबाबरोबर असे वाटी की लोक रडत खात आणि रडत पुन्हा मागत.

तपासनीस फिदेन्सियो साहेब अर्ज घेऊन आले.

"दोन्या एउलालिया," त्यांनी बाईंना मानाने हाक मारली, "पदार्थाचा शोध कधी लागला?"

"स्पेनवाले घोड्यावरून उतरले त्याच्या आधी, साहेब."

"शोध लावणाऱ्याची सही लागेल."

"तो वारला."

"मग वारसाची." साहेबांनी तो रकाना कोरा ठेवला आणि टोर्टिया या मक्याच्या पोळीच्या तुकड्यावर भलामोठा गोळा घेतला.

"सांभाळून, झोंबतं," एउलालिया म्हणाली. सगळा बाजार बघत होता.

साहेबांचे कान लाल झाले. मिशीवर घाम आला. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघून थेट अर्जावर पडला.

"हे?" साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे तर माझी मुलगी दुधात कालवून खाईल." आणि त्यांनी लिहिले: तिखट नाही.

म्हणजे पाटी खोटी. आठ दिवसांत माल पाटीच्या लायकीचा करावा, अशी नोटीस लागली.

एउलालियाने चार मिरच्यांच्या नऊ केल्या, वर जहाल हाबानेरो मिरची घातली. आठव्या दिवशी अख्खा कक्ष चव घ्यायला आला. कक्षप्रमुखांनी टाय सोडला. एकाने अर्जांच्या गठ्ठ्याने वारा घेतला. एक खांबाला धरून उभा राहिला आणि बाजाराचे छत किती सुंदर आहे असे म्हणाला. प्रमुखांचा आवाजच गेला होता, म्हणून त्यांनी अभिप्राय लिहून दिला: सौम्य. मुलांस योग्य.

"अहो, तुम्ही रडताय!" एउलालिया ओरडली.

"आम्ही सरकारी माणसं आहोत, बाई," खांबाला धरलेला म्हणाला. "आमच्या रडण्याची नोंद नसते."

परवाना वाचवायला एकच कलम उरले. पंधरा स्थानिक रहिवाशांनी पदार्थ झोंबतो असे सही करून द्यायचे. एउलालियाला वाटले, काम झाले. तिने पहिला कागद शेजारच्या टोर्टियावाल्या चोलेपुढे धरला.

"सही कर गं."

"अगं लाले, मी?" चोलेने नाक शिंकरले. तिच्या हातात ग्वाकामोलेच होते. "उद्या बाजार म्हणेल, चोलेला मिरची सोसत नाही. माझ्या सासूच्या कानावर गेलं तर? दुसरं काहीही माग."

"डोळ्यांतून धार लागलीय तुझ्या!"

"सर्दी आहे."

त्या आठवड्यात सान मेलितोनला सर्दीची साथ होती. सही एकट्या पाहुण्याने केली. तो रहिवासी नव्हता.

शेवटच्या सुनावणीला बाजार भरला होता. फिदेन्सियो साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी कलमे चाळून एक पळवाट काढली आणि हळूच म्हणाले, "दोन्या, स्वतः विक्रेत्याने सर्वांसमोर खाऊन 'झोंबतं' म्हटलं तरी चालेल. एकच शब्द. मी शिक्का मारतो."

शिक्का शाईत बुडाला. एउलालियाने चमचाभर खाल्ले. तिला दरदरून घाम फुटला. चोले बघत होती. मिरच्या विकणारी आगाऊ म्हातारी बघत होती. मागून कुणीतरी म्हणाले, "बघा हं, आता रडेल."

"कोण, मी?" एउलालियाने गालांवरून वाहणारे पाणी पुसलेसुद्धा नाही. "इतकंसुद्धा झोंबत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवाना रद्द झाला.

मूर्ख बाई, असे तुम्ही म्हणालात. म्हणा. पण परवा तुमच्या साहेबाने भर मीटिंगमध्ये "कुणाला काही अडचण?" असे विचारले, तेव्हा सगळ्यांत आधी 'छे, अजिबात नाही' म्हणून मान कुणी हलवली?