लाट्या आणि ब्याऐंशी टक्के

खैरनारकाकांना दिवाळीला चिवड्याचा डबा दिला, तर ते "वा, छान" म्हणत नाहीत. डबा हातावर तोलतात आणि विचारतात, "शुभदा, पोहे किती घेतले होते?"

काका माझे समोरचे शेजारी. अंबडच्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी जन्म घालवला. काम एकच. रिअ‍ॅक्टरमध्ये जेवढा माल घातला, त्यातून कागदावरच्या गणिताने किती निघायला हवा आणि प्रत्यक्षात किती निघाला, ते पाहायचं. प्रत्यक्षाला गणिताने भागायचं, शंभराने गुणायचं. याला म्हणायचं यील्ड. कारखाना सुटला, यील्ड काही सुटलं नाही. मटार सोलले की दाण्यांचं वजन. आकडा कमी आला, की हे मूळचे देवळ्याचे गृहस्थ तडक गावच्या अहिराणीत शिरतात, "बाकीना माल कथा गया?" म्हणजे, उरलेला माल गेला कुठे?

एकदा सोसायटीची सहल त्र्यंबकेश्वरला नेली. निघालो सोळा. दर्शन झाल्यावर बसपाशी चौदा. आम्ही घाबरलो आणि काका म्हणतात, "साडेसत्त्याऐंशी टक्के. गर्दीच्या मानाने वाईट नाही." हरवलेल्या दोघींत त्यांची स्वतःची बायको होती! काकू आल्या त्या पेढे घेऊन, आणि नाशिक येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

पण काकांचं खरं दुखणं म्हणजे काकूंचे उडदाचे पापड. चार किलो पीठ; मीठ, मिरी, पापडखार, हिंग मिळून अर्धा किलो. पाणी वाळून जातं, ते धरायचं नाही. म्हणजे पापड भरायला हवेत साडेचार किलो. दर उन्हाळ्यात भरायचे तीन किलो सातशेच्या आसपास. ब्याऐंशी टक्के! काका परात खरवडायचे, पोळपाट-लाटणं तपासायचे.

"सांडलवंड तीन टक्के धरली. उरलेले पंधरा?"

"उडाले असतील हवेत," काकू म्हणायच्या.

"अगं, उडीद आहे, कापूर नाही!"

काकू आणि आम्ही बिल्डिंगमधल्या चौघी गच्चीवर लाटायला बसलेल्या, आणि सगळ्यांचे ओठ तेलाने चकाकत असायचे. कच्ची लाटी तेलात बुडवून खाल्ली नाही, तर पापड लाटायला यायचं कशाला? सहा लाटल्या की एक तोंडात. आणि पापड वाळले की एवढा मोठा केमिस्ट तराजूपाशी डोकं धरून बसलेला. आम्हाला हसू आवरायचं नाही.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं सगळं.

या चैत्रात काकांनी पीठ आणलं. मी म्हटलं, आम्ही येतो लाटायला. "नको," म्हणाले, "एकदा मला बघू दे." दोन किलो पीठ त्यांनी एकट्याने भिजवून कुटलं, पापड लाटले, वाळवले. वेडेवाकडे, पण खणखणीत वाळलेले. आठवड्याने दार वाजवलं.

"सत्त्याण्णव आलं," म्हणाले.

"अरे वा काका, रेकॉर्ड!" मी म्हणून गेले. आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली.

"उद्या उरलेल्या दोन किलोंचे करतोय," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या या."

गेलो. गच्चीवर लाट्यांचं ताट आणि शेजारी वाटीभर तेल.

"आधी खा," काका म्हणाले. "दर शंभराला पंधरा. त्याहून कमी नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तेवीस वर्षं माल तपासण्यात काढली मी. तुमच्या ओठांवरचं तेल दिसत नव्हतं मला? पण मी ओरडलो की ती खूप हसायची. म्हणून ओरडायचो." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "खा गं. तिचे ब्याऐंशीच यायला पाहिजेत."

मी म्हटलं, "काका, तुम्हीपण घ्या."

त्यांनी एक लाटी उचलली, चुकतमाकत तेलात बुडवली आणि सावकाश चावली. आयुष्यात पहिल्यांदा खात होते, हे दिसतच होतं.

"छान लागते गं," काका म्हणाले. "तिच्याबरोबर एक तरी खायला हवी होती. मी आपला वजनच करत बसलो."

मी दुसरी लाटी तेलात बुडवून त्यांच्या हातावर ठेवली.