भूक लागावी म्हणून

भूक कशी लागते, हे मला कुणी शिकवू नये! भिंगारच्या तालमीत दोन वर्षं घाम गाळलाय मी. जितकी मेहनत तितकी भूक, एवढं साधं गणित. त्या गणितानंच शहाण्णवच्या अधिक महिन्यात माझा निकाल लावला.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. म्हणजे सासुरवाडीला जावयाचं धोंड्याचं जेवण! पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. पण दिवाळीला मी तिथे चतकोर पोळीवर उठलो होतो आणि सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. माझी बायको सीमा आदल्या दिवशी माहेरी निघताना म्हणाली, "यंदा पोटभर जेवा हो. आई तेव्हापासून म्हणतेय, माझ्या हाताला चवच राहिली नाही."

"अगं, परात रिकामी करतो!"

आता बेत ऐका. शेवगावच्या एसटीतून मी मुद्दाम दोन गावं आधीच उतरलो. भर उन्हात, इस्त्रीच्या पँटीत, पिशवी काखेत मारून जी धूम ठोकली! कुत्री मागे लागली, तसा वेग आणखी वाढवला. सासुरवाडीच्या दारात पोचलो तेव्हा जीभ बाहेर आली होती आणि भूक? भूक कुठेच नव्हती!

सासूबाईंनी, छबूबाईंनी, ताट वाढलं. पुरणाच्या वासानंच मला मळमळलं.

"घ्या की जावईबापू."

"जरा थांबतो."

सासरे रंभाजी कावरेबावरे झाले. जावई रुसला! ते आतून कोरं धोतर घेऊन आले. मी नको म्हणून मान हलवली. मग दावणीची शेळीच सोडून आणली.

"ही बी घ्या. पन जेवा."

"अहो मामा, रुसलो नाही! पळत आलोय, म्हणून घास उतरत नाही."

"पळत? कोन लागलं हुतं मागं?"

"कुणी नाही. भूक लागावी म्हणून पळालो."

"यष्टी असताना?"

त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. ते सीमाकडे वळले. "पोरी, खरं सांग. यांना तुला नांदवायचं न्हाई का?"

सीमाचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेळीसुद्धा ओरडायला लागली. काहीतरी करणं भागच होतं! मी अख्खा धोंडा तोंडात कोंबला, वर वाटीभर तूप ओतलं आणि लगेच तोंड दाबून गोठ्याकडे पळालो. पोचलो नाही. अंगणातच, सासूबाईंनी सकाळी सारवलेल्या जागेवर, सगळं बाहेर आलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, ताट उचललं आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मलाच न्हाई जमलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत सीमा खिडकीकडे तोंड करून बसली होती. पण भिंगार जवळ आलं आणि माझ्या पोटात असे कावळे ओरडू लागले म्हणून सांगू! दगड दिला असता तरी चावून खाल्ला असता.

"सीमा, आईंनी डब्यात धोंडे दिले असतील ना?"

"नाही दिले. जावयाला आवडत नाहीत म्हणाली."

"पण मला आता फार भूक लागलीय गं!"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मग पळा," ती म्हणाली.