तापलेला जॉब

अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात भेंडी व्हर्नियरने मोजून घेणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर.

सोनावणे काका चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर होते. लेथवर धातू कातायचा, ड्रॉइंगप्रमाणे माप आणायचं, पुढचा तुकडा, म्हणजे त्यांच्या भाषेत 'जॉब', लावायचा. रिटायर झाले तरी जाडी मोजायचा तो व्हर्नियर खिशातून गेला नाही. भाजीवाला वैतागतो, "काका, भेंडी है, बोल्ट नहीं!" काका शांतपणे सांगतात, "साडेबारा एमएम के ऊपर जून निकलती है." त्यांची भेंडी खरंच कधी जून निघत नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

बासष्टाव्या वर्षी काकांनी बी.ए.ला नाव घातलं. आता ते कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात अडकवून दळण आणायला जातात. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे त्यांची प्रत्येक असाइनमेंट आधी माझ्याकडे येते. "टीचर, ऱ्हस्व-दीर्घ फक्त बघा. मजकूर ओके आहे." मजकुराला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

मागच्या महिन्यात विषय मिळाला, अणुबॉम्बची निर्मिती. काकांनी वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं आणि माझ्या दाराच्या बेलला उसंत राहिली नाही. "टीचर, बॉम्बमधल्या गोळ्याचे दोन अर्धे भाग जोडताना नीट बसेनात, तर मध्ये सोन्याचा पत्रा घातला! सोन्याचा! आम्ही फट भरायला पॅकिंग म्हणून सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मागितला तरी फोरमन खेकसायचा."

रविवारी दुपारी तर ते जिना धावतच उतरले. पुस्तकात वाळवंटात पहिल्या बॉम्बची जोडणी चालली होती आणि मधला गाभा आत जाईना. मोठमोठे शास्त्रज्ञ घामाघूम.

"मी पुस्तकावरच ओरडलो, अरे थांबा, जॉब तापलाय! गरम जॉब फुगतो, बसत नाही. आमचा पहिल्या वर्षाचा अप्रेंटिसपण सांगेल. आणि पान उलटलं तर काय! ते थांबले. थंड झाल्यावर गपकन बसला!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जगातल्या एवढ्या थोर डोक्यांना जे उमगलं, ते आपल्या हातांना आधीपासून ठाऊक होतं, याचं. मी चेष्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानंतर तीन दिवस बेल वाजली नाही. चौथ्या दिवशी मीच वर गेले. काका बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची टाकून बसले होते. समोर असाइनमेंट, बारा पानं भरलेली, शेवटचं कोरं.

"पुढचं वाचलं," ते म्हणाले. "हजारो माणसं कामाला होती. बायका दिवसभर मीटरचा काटा बघत बटण फिरवायच्या. बनतंय काय, त्यांना माहीतच नाही. शहर जळाल्यावर कळलं."

"त्यात तुमचा काय संबंध, काका?"

"मीपण पितळेच्या रिंगाच कातल्या ना. ड्रॉइंगवर नंबर असायचा, नाव नसायचं. पुढे ती रिंग कशात बसते, कधी विचारलं नाही. मिसेस विचारायची, 'अहो, तुम्ही नक्की बनवता काय?' मी म्हणायचो, गोल." ते किंचित हसले. "आता तीपण नाही विचारायला."

"पंपात बसत असेल हो. नाहीतर पंख्यात." वर्गात बोलते तशा ठाम आवाजात मी सांगितलं, पण माझं मलाच पटलं नाही.

"असेल." ते स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "टीचर, चौतीस वर्षांत माझा एक पीस इन्स्पेक्शनमधून परत आला नाही. निरोपाच्या दिवशी साहेब स्टेजवरून हेच बोलले. मी छाती फुगवून ऐकलं. आता वाटतं, चार-दोन तरी रिजेक्ट व्हायला हवे होते."