टेबलाच्या टोकाची खुर्ची

चिमीची आई रोज अकराच्या ठोक्याला टीव्हीपुढे बसून संसदेचं कामकाज पाहायची, ते देशाच्या काळजीने नव्हे, तर बहिणीच्या मुलाचा कान दिसतो का हे पाहायला. चिमी आणि तो मावसभाऊ एकाच परीक्षेतून, एकाच दिवशी संसदेच्या सचिवालयात प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. मार्क चिमीला दोन जास्त. तरी त्याला मिळाली सभागृहात सचिवांच्या टेबलाच्या टोकाची खुर्ची, आणि हिला तळघरातली प्रश्नशाखा. एकाच पुलाबद्दल एकाच सदस्याने अकराव्यांदा विचारलेला प्रश्न परत पाठवणं, हे तिचं काम.

संध्याकाळी मावशीचा फोन यायचा. आज त्याचा अख्खा कान दिसला, शिवाय थोडा गालही, असं ती सांगायची. फोन ठेवून आई चिमीकडे नुसती बघायची. चिमीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी तिने ठरवलं की आईला एकदा तरी दिसायचंच. तळघरातल्या माणसाला सभागृहात शिरायचं तर हातात चिठ्ठी हवी. दारात अध्यक्षांपुढे मान लववायची, चिठ्ठी टेबलाच्या टोकाला द्यायची आणि परत फिरायचं. कळवण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून तिने कोऱ्या कागदाची चौघडी घातली, आईला तीन वाजता टीव्ही बघायला सांगितलं आणि निघाली.

आत एका विधेयकावरून तिसऱ्या दिवशीही गदारोळ चालला होता. चिमी कॅमेऱ्याला पुरेसा वेळ देत सावकाश चालत गेली आणि चिठ्ठी मावसभावाच्या हातात दिली. तो ती खिशात टाकेल, असा तिचा हिशोब होता. त्याने ती क्षणभर टेबलाखाली धरली आणि गंभीरपणे सचिवांकडे सरकवली. सचिवांनी न उघडता अध्यक्षांकडे दिली.

अध्यक्षांनी कागद उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. भर सभागृहात चिठ्ठी कोरी आहे म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चेहरा पाडला, कागद खिशात घातला आणि कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब केलं.

मग काय, तर्कांना ऊत आला. सरकारला वाटलं, विरोधकांच्या हाती काहीतरी लागलंय. विरोधकांना वाटलं, सरकार आपल्यातले चार जण फोडतंय. दोघांनीही घाबरून तिथल्या तिथे तडजोड केली. कामकाज पुन्हा सुरू झालं आणि तीन दिवस अडलेलं विधेयक सहा मिनिटांत संमत झालं.

व्हरांड्यात चिमीला सगळ्यांनी घेरलं. चिठ्ठीत काय होतं, असं मंत्र्यांपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत प्रत्येकाने विचारलं.

"काहीच नव्हतं," चिमी म्हणाली. दुसरं सांगणार तरी काय?

गर्दीमागून सचिव ऐकत होते. तोंडाची इतकी घट्ट मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने टेबलावर बसावं आणि मावसभावाने तळघरात जावं, असा हुकूम निघाला.

आता हा आपल्यावर जळणार, या आनंदात चिमी त्याला शोधत गेली. तो मजेत चहा पीत होता.

"उघडून पाहिली होतीस ना?"

"पाहिली की. कोरी होती."

"मग पुढे कशाला दिलीस?"

"अकरापासून बसलो होतो गं. सभागृह चालू असताना त्या खुर्चीवरून उठता येत नाही. पाणी पिता येत नाही, जांभई देता येत नाही, आणि बाकीचं तर बोलायलाच नको. तू हवं तेव्हा चहाला जायचीस, तेव्हा इतकी जळायची माझी."

चिमीला ते खरं वाटलं नाही. पराभव झाकायला माणूस काहीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत ताठ बसली. बारा वाजता आईने बहिणीला फोन करून चिमीचं नाकसुद्धा दिसतंय म्हणून कळवलं. एक वाजता चिमीच्या पायाला मुंग्या आल्या. दोन वाजता पुलवाले सदस्य बोलायला उभे राहिले. मावसभाऊ खाली तिसरा चहा घेत असेल, या विचाराने तिचा पुन्हा जळफळाट झाला. तीन वाजता तिने दाराकडे पाहिलं. चिठ्ठी घेऊन कुणीही येत नव्हतं.