सगळ्यात गार ग्रह

फ्रिजकाकांनी ठरवलं, या वेळी मुलाशी बोलायचं.

यात ठरवण्यासारखं काय, असं ज्यांना वाटत असेल त्यांचं घर सुखी आहे. फ्रिजकाकांच्या घरी मुलाचा लांबून फोन आला की काका उचलत, "थांब, आईला देतो" म्हणत, आणि मग दाराआड उभे राहून सगळं ऐकत. मुलाने फ्रिजदुरुस्तीचं दुकान सोडून आकाशाचा अभ्यास धरला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. राग आता जुना झाला होता, पण जुन्या कॉम्प्रेसरसारखा घरघरत चालू होता आणि बंद करायचं बटण काकांना सापडत नव्हतं.

दाराआडूनच एकदा त्यांच्या कानावर आलं, की मुलगा एका बर्फाळ ग्रहाकडे यान पाठवण्याच्या कामात आहे. काकांना भरून आलं. बापाचं आयुष्य गारठ्यात गेलं, मुलगाही गारठ्यातच पडला, म्हणजे धंदा घरातच राहिला (हा हिशेब फक्त त्यांनाच जमावा). ग्रह कुठला, हे बायकोला विचारता आलं असतं. पण मग आपण चोरून ऐकतो हे उघडं पडलं असतं. म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले आणि आपल्या धंद्याला शोभेल असा प्रश्न त्यांनी विचारला.

"सगळ्यात गार ग्रह कुठला हो?"

"युरेनस," मास्तर म्हणाले.

झालं. पुढचे कित्येक दिवस काका युरेनसमय होते. तो आडवा पडून, लोळत सूर्याभोवती फिरतो. त्याची कडी उभी दिसतात. एका ध्रुवावर आपलं अर्धं आयुष्य उजेड आणि उरलेलं अर्धं अंधार. ढगांना सडक्या अंड्यांचा वास. "गॅस लीक आहे," काकांनी निदान केलं. मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून दार उघडणं बंद केलं.

मुलगा एका परिषदेसाठी येणार होता आणि वाटेत दुपारी तासभर घरी थांबणार होता. वर्षानुवर्षांत एक तास. तो वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून काकांनी ग्रहच बनवला. पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ते पाणी रबरी चेंडूत भरलं आणि दुकानाच्या डीप फ्रीजरमध्ये तो हळूहळू, तडा न जाऊ देता गोठवला. वरचं रबर सोलून काढलं. भोवती तांब्याच्या नळीचं कडं बसवलं, तेही उभं, कारण काका खोटं काम करत नसत.

मुलगा आला. फिकट रंगाची कडक इस्त्रीची पँट, संध्याकाळी भाषण. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काकांनी टेबलावर ग्रह आणून ठेवला आणि घसा खाकरला.

"हा आडवा फिरतो," काका म्हणाले. मुलगा बघतच राहिला. काका सुटले. ध्रुव, कडी, अंधार, अंडी. मुलगा मध्ये काहीतरी बोलू पाहत होता, काकांनी हाताने थांबवलं. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं ते एका ग्रहावर काढत होते, आणि ग्रह खालून वितळत होता.

"आणि आडवा असल्यामुळे हा चाकासारखा," काका म्हणाले, तोच ग्रह कड्यावर उभा राहून खरोखरच चाकासारखा निघाला. टेबल ओलांडून तो मुलाच्या मांडीत पडला आणि तिथे फुटला.

पँट निळी झाली. खुर्ची निळी झाली. मुलाने मांडीवरचं तांब्याचं कडं उचलून टेबलावर ठेवलं.

"बाबा," शेवटी मुलगा म्हणाला, "आमचं यान नेपच्यूनला जाणार आहे."

काकांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस ती?"

"विचारलंत कधी?"

मुलगा आत जाऊन काकांची दुकानातली पँट घालून आला. ती घोट्याच्या बरीच वर संपत होती. काकांना काहीतरी बोलून वेळ सावरायची होती. "पण नेपच्यून तर अजून लांब," ते म्हणाले. "तो जास्त गार हवा."

"लांब आहे, पण आतून ऊब देतो," मुलगा बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. "युरेनस जवळ असून गार. आतून काही बाहेर येतच नाही."

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

काकांनी ऐकलं होतं. या खेपेला दाराआडून नव्हे, समोरासमोर. ते लागलंही. पण सवय जुनी, त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "आतलं कनेक्शन सुटलं असेल. कोणी जाऊन बघितलं का?"

"एकदाच एक यान गेलं होतं. थांबलं नाही, जाता जाता फोटो काढले आणि पुढे निघून गेलं." खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मुलाने वाकून नमस्कार केला. काकांचा हात त्याच्या डोक्याकडे निघाला होता, तोपर्यंत डोकं वर आलं आणि हात हवेतच राहिला.

बायको त्याला सोडायला खाली गेली. काका फडकं घेऊन फरशी पुसत बसले. फसलं ते फसलं, पण आपण बोललो, सलग बोललो, असं ते मनाला समजावत होते. पोराला ते कळलं असेल. कळायलाच हवं.

बायको वर आली तशी त्यांनी फडकं पिळता पिळता, सहज विचारावं तसं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

"म्हणाला ना," ती म्हणाली. "फार काळजीत होता बिचारा. बाबा इतकं बोलायला कधी लागले, म्हणाला. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय तुमची."