जोर हाय, माप गेलंय

सकाळी सातला फट्ट असा आवाज झाला, की मांडवीतल्या आमच्या गल्लीला कळायचं, आज दाढी नाही.

पांडूतात्या दुकान उघडण्याआधी रोज एक फुगा फुगवत, त्याला साबणाचा फेस लावत आणि वस्तऱ्यानं त्याची दाढी करत. फुगा टिकला तर गिऱ्हाइकाची दाढी. फुटला तर त्या दिवशी नुसते केस, तेही मशीननं. तात्यांचं वय पंचाहत्तर. खुर्चीत मी आखडून बसलो की म्हणत, "मास्तर, तुम्ही हलू नका. हलायचं काम माझं."

बरं, तात्या अशक्त म्हणावेत तर नारळांची गोणी एकटे उचलत. पण कपबशी हातात आली की ती वाजायला लागे. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. जड उचलता येतं, पण हलक्या वस्तूला बेतानं जोर लावणं जमत नाही. तात्यांनी त्याचं एका वाक्यात उरकलं, "जोर हाय, माप गेलंय."

यंदा एका आठवड्यात चार फुगे फुटले. पाचव्या दिवशी तात्यांनीच पाटी लावली, 'दाढी कायमची बंद'. मी हळहळलो, तर मलाच म्हणाले, "आजवर कोणाला ओरखडा नाय काढला. आता कशाला काढू?"

म्हणून परवा ते वस्तऱ्याची पेटी घेऊन निघालेले दिसले, तेव्हा मी हटकलं.

"चला," ते म्हणाले, "बॅटरी धरायला माणूस हवाच होता."

आम्ही पोचलो काशिनाथांच्या घरी. ते एके काळी मासेमारीच्या होडीचे तांडेल. आता अर्धांगानं खाटेवर, माणसं ओळखत नाहीत. त्यांची सून म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तोंडाला हात लावू देत नाहीत."

तात्यांनी कोपर उशीवर टेकलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास सोडला आणि वस्तरा दोन बोटं सरकवला. मग थांबले. काशिनाथांची मान मधेच हले.

"भीती नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"गिऱ्हाइकाला घाई असते. ह्याला कुठं जायचंय? मान थांबली की मी चालतो."

तासाभरानं वस्तरा मिटला. तात्यांनी पंच्यानं त्यांचा चेहरा पुसला. मग खाली वाकून आपला गाल काशिनाथांच्या गालाला लावला आणि तसेच राहिले.

"बोटांना आता कळत नाय," ते म्हणाले, "खुंट राहिलाय का ते."

काशिनाथांनी तोंड फिरवलं नाही.